माझ्याएवढं पुस्तक

माझी भाची पाचवीत आहे. मागच्या महिन्यात तिच्या वर्गात बाईंनी सांगितलं, उद्या येताना प्रत्येकानं आपल्या पूर्वजांपैकी एकाची गोष्ट आणायची. संध्याकाळी पोरगी माझ्यापुढं येऊन बसली. मी तिसऱ्या पाळीला निघायच्या गडबडीत. म्हणाली, "मामा, बाबासाहेब सगळ्यांना माहीत हायेत. त्यांच्या आधीचं आपलं कोण?"

मी भीमा-कोरेगाव सांगितलं. १ जानेवारी १८१८, विजयस्तंभ, त्यावरची आपल्या माणसांची नावं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि बायकांतलं कोण? आणि लढाई नसायची तेव्हा ती माणसं काय करायची? पोरांना गोष्टी कुठल्या सांगायची?"

माझ्या फळीवर बाबासाहेबांचे खंड आहेत. फुल्यांचं समग्र वाङ्मय आहे. आपल्या कवींचे संग्रह आहेत, पाठपोट वाचून पानं सुटलेले. मी त्यातला एक खंड काढून तिच्या मांडीवर ठेवला. तिनं दोन पानं उलटली, पुस्तक मिटलं आणि माझ्या हातात परत दिलं. म्हणाली, "हे माझ्याएवढं न्हाई."

मित्रांनो, त्या रात्री मी रिंगफ्रेमवर तुटलेले धागे सांधत होतो आणि डोक्यात एवढंच एक वाक्य फिरत होतं. नववीत माझी शाळा सुटली. त्यापुढं जे काही शिकलो ते चळवळीनं शिकवलं, रात्री दिव्याखाली शब्दकोश घेऊन शिकलो. आजवर मला वाटायचं, आपल्याकडं पुस्तकांची वाण नाही. त्या रात्री कळलं की आपली सगळी पुस्तकं मोठ्यांच्या मापाची आहेत. दहा वर्षांच्या पोरीला आपण आपला इतिहास देतो तो तिच्या बापाचा सदरा अंगात घालावा तसा. बाह्या लोंबतात, आणि पोर तो काढून ठेवतं.

म्हणून आज एका छापणाऱ्या माणसाची गोष्ट सांगतो. ती अमेरिकेतली आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या पँथरांचं, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याच्याही ९९ वर्षं आधी, १८७३ साली, जोतीरावांनी 'गुलामगिरी' छापली आणि ती अर्पण केली काळ्यांची गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. नातं जुनं आहे. पण त्या लोकांकडून आपण पंजा घेतला आणि त्यांनी आपल्या पोरांच्या हातात दिलेली पाटी घ्यायची राहून गेली. ती पाटी घडवणाऱ्या माणसाचं नाव कार्टर गॉडविन वुडसन. लेखात पुढं 'निग्रो' हा शब्द काही पुस्तकांच्या आणि संस्थांच्या नावांत येईल. त्या काळी काळी माणसं स्वतःसाठी तोच वापरत. आज वापरत नाहीत. जुनी नावं मी बदललेली नाहीत.

'गुलामगिरी'नंतर दोनच वर्षांनी, १९ डिसेंबर १८७५ला, व्हर्जिनिया राज्यातल्या न्यू कॅन्टन गावी वुडसन जन्मला. आईबाप दोघंही गुलाम म्हणून जन्मलेले. गुलामी १८६५ साली कायद्यानं संपली होती. दारिद्र्य संपलं नव्हतं. बापाला वाचता येत नव्हतं, तेव्हा पोरगाच बापाला पेपर वाचून दाखवायचा. शाळा असायची ती शेतीच्या कामातून सवड मिळेल तेवढीच. वयात आल्यावर तो वेस्ट व्हर्जिनियात गेला, रेल्वेच्या कामावर लागला आणि मग कोळशाच्या खाणीत उतरला.

खाणीत त्याला ऑलिव्हर जोन्स नावाचा काळा कामगार भेटला. जोन्स हा गुलामी मोडण्याच्या यादवी युद्धात लढलेला जुना शिपाई. काम सुटल्यावर तो आपल्या घरात खाणवाल्यांसाठी खाण्यापिण्याचा छोटा धंदा करायचा. फळं, आइस्क्रीम, चहा. त्याच्या घरात पुस्तकं होती, काळ्यांची वर्तमानपत्रं यायची. पण जोन्सला स्वतःला अक्षरओळख नव्हती. त्याला कळलं की ह्या पोराला वाचता येतं. झालं! पोरानं वाचायचं, दमलेल्या माणसांनी ऐकायचं, मग युद्धाच्या आठवणी निघायच्या, भांडणं व्हायची. वाचनाची मजुरी म्हणजे फुकट खायला मिळायचं. वुडसन पुढं लिहून गेले की काळ्यांच्या इतिहासाची ओढ त्यांना लागली ती ह्या माणसांत बसून.

हे वाचताना मला माझा आजा आठवला. तो परळच्या गिरणीत होता, १९८२च्या संपानंतर गावी आला तो आलाच. तो सांगायचा, त्याच्या बापाला वाचता येत नव्हतं. चाळीच्या गॅलरीत एकजण 'जनता' मोठ्यानं वाचायचा आणि बाकीची गिरणी ऐकायची. म्हणजे वेस्ट व्हर्जिनियाची खाण आणि मुंबईची चाळ, दोन्हीकडं इतिहास आधी कानानं शिरला. डोळ्यापर्यंत तो यायला कुणीतरी छापावा लागतो.

वुडसन वीस वर्षांचा होईस्तोवर हायस्कुलात गेला नव्हता. १८९५ साली हंटिंग्टनच्या डग्लस हायस्कुलात त्यानं नाव घातलं आणि दोन वर्षांच्या आत ते संपवलं. पुढं त्याच शाळेचा मुख्याध्यापक झाला. नंतर बेरिया कॉलेज, मग फिलिपाइन्समधे शिक्षकाची नोकरी, मग शिकागो विद्यापीठ, आणि १९१२ साली हार्वर्डची इतिहासातली डॉक्टरेट. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे ते दुसरे काळे, पहिले डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस, १८९५ साली. एवढं शिकून त्यांना काय ऐकायला मिळालं? तर काळ्यांना इतिहासच नाही. तिथल्याच एका प्राध्यापकानं हे तोंडावर सांगितल्याचं वुडसन सांगत. ज्याला इतिहास नाही त्याला गुलामीत ठेवल्याचा पुरावाही नाही. किती सोयीचं!

९ सप्टेंबर १९१५ला त्यांनी शिकागोत काळ्यांच्या जीवनाचा आणि इतिहासाचा अभ्यास करणारी संघटना काढली. त्या वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात एम.ए. होत होते. जानेवारी १९१६ला वुडसनांनी 'जर्नल ऑफ निग्रो हिस्टरी' हे त्रैमासिक सुरू केलं, आणि मे १९१६मधे बाबासाहेबांनी कोलंबियात जातीवरचा आपला निबंध वाचला. एका देशात, चार महिन्यांच्या अंतरानं, दोन बहिष्कृत माणसं कागदपत्रांनिशी उभी राहून एकच गोष्ट सांगत होती: आमच्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते आम्ही तपासणार.

पण त्रैमासिक म्हणजे विद्वानांचं काम. पुस्तक काढायचं म्हटलं की गोरा प्रकाशक दाराशी उभा. काळ्यांचा खरा इतिहास त्याला विकाऊ वाटायचा नाही, आणि काळ्यांवरचं त्याला हवं असायचं ते काळ्यांना खाली पाहायला लावणारं. तेव्हा १९२१ साली वुडसनांनी वॉशिंग्टनमधे स्वतःची प्रकाशनसंस्था काढली, असोसिएटेड पब्लिशर्स. १९२२ला नवव्या रस्त्यावर १५३८ नंबरचं एक तीनमजली घर घेतलं. खाली ऑफिस आणि पुस्तकांचे गठ्ठे, वरच्या मजल्यावर स्वतः राहायचे. लग्न केलं नाही. संसार काय तो एवढाच.

संस्था केवढी होती याचा अंदाज यावा म्हणून एक गोष्ट सांगतो. १९२५ साली लँग्स्टन ह्यूज नावाचा एक तरुण कवी तिथं नोकरीला होता, तोच पुढं जगभर गाजला. त्याचं काम काय? सकाळी ऑफिस उघडायचं, झाडलोट करायची, पुस्तकं कागदात बांधून टपालात टाकायची, पत्रांना उत्तरं, प्रुफं, आणि मालक बाहेरगावी असले तर रात्री भट्टी बघायची. शिवाय १८३०च्या खानेसुमारीत जे काळे कुटुंबप्रमुख स्वतंत्र म्हणून नोंदले होते, त्यांच्या हजारो नावांच्या चिठ्ठ्या अकारविल्हे लावायच्या. डोळे गेले त्याचे. काही दिवसांनी ते काम सोडून तो हॉटेलात ताटं उचलायला गेला. पण वुडसनांबद्दल त्यानं आदरानंच लिहिलं. एकदा मालक गावाला गेले असं समजून सगळे पत्ते कुटत बसले होते. मालक अवचित परत आले. ह्यूजला वाटलं, आता नोकरी गेली. वुडसनांनी सगळ्यांना बोलावलं, बराच वेळ बोलले, की हे काम आपलं आहे, आपल्या लोकांचं आहे. कुणालाही काढलं नाही. आमच्या खात्यातला मुकादम पत्त्यांचा जोड नुसता दिसला तरी अर्धी पाळी कापतो. मला ही गोष्ट म्हणूनच लक्षात राहिली. आणखी एक. गठ्ठे घेऊन पायी जाणाऱ्या ह्या माणसाला गल्लीतली पोरं 'पुस्तकवाला' म्हणायची.

आता पुस्तकांकडं या. १९२२ला 'द निग्रो इन अवर हिस्टरी' निघालं. मोठ्यांचं पुस्तक, जाडजूड, पुढं त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. दुसरा कुणी असता तर इथं थांबला असता. वुडसन शिक्षक होते. त्यांनी तोच इतिहास १९२८ला 'निग्रो मेकर्स ऑफ हिस्टरी' म्हणून प्राथमिक शाळेच्या पोरांसाठी पुन्हा लिहिला, आणि १९३५ला 'द स्टोरी ऑफ द निग्रो रिटोल्ड' म्हणून हायस्कुलातल्यांसाठी तिसऱ्यांदा. एकच कापड, तीन मापं. हार्वर्डचा डॉक्टर बसून चौथीतल्या पोराला कळेल असं वाक्य करतोय, हे डोळ्यापुढं आणा. आपल्यातला कुठला विद्वान हे करायला बसलाय?

इतिहासावरच ते थांबले नाहीत. १९२८लाच त्यांनी 'आफ्रिकन मिथ्स' काढलं: आफ्रिकेच्या निरनिराळ्या भागांतल्या लोककथा, सोबत म्हणी, शाळेतल्या पोरांना वाचता येतील अशा. १९३९ला 'आफ्रिकन हीरोज अँड हिरॉइन्स', त्यात राजे आहेत आणि राण्याही आहेत. १९३०ला विलिस रिचर्डसननं पोरांनी करायच्या नाटकांचं पुस्तक तयार केलं. हा रिचर्डसन वॉशिंग्टनच्या सरकारी छापखान्यात, जिथं नोटा छापतात तिथं, कारकून होता. दिवसा गोऱ्या सरकारच्या नोटा, रात्री काळ्या पोरांची नाटकं. १९३५ला त्यानं मे मिलर हिच्याबरोबर इतिहासावरच्या तेरा नाटकांचं पुस्तक केलं. आपल्या जलशांची आठवण होते की नाही? जे पुस्तकात वाचवत नाही ते पोरगं तोंडानं म्हणतं, अंगात घेतं, मग ते विसरत नाही.

१९३८ला दोन शिक्षिका पुढं आल्या. हेलन व्हायटिंगनं खालच्या वर्गांसाठी लोककथांचं एक पुस्तक केलं आणि कला, संगीत, बालगीतं यांचं दुसरं. जेन डॅब्नी शॅकलफर्डनं 'द चाइल्ड्स स्टोरी ऑफ द निग्रो' लिहिलं. १९४०ला एफी ली न्यूसमचा 'ग्लॅडिओला गार्डन' निघाला, बालकवितांचा संग्रह. यातल्या कितीतरी पुस्तकांतली चित्रं लोइस मेलू जोन्सनं काढली. ती वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात चित्रकला शिकवायची. लिहिणाऱ्या बहुतेक बाया, आणि त्यातल्याही बऱ्याच वर्गात उभ्या राहून शिकवणाऱ्या. पोराच्या डोळ्यात कुठलं वाक्य कळतं आणि कुठलं कळत नाही, हे त्या रोज बघत होत्या.

आणि मग १९४४. शॅकलफर्डचं 'माय हॅपी डेज'. माझे आनंदाचे दिवस. एका साध्या काळ्या घरातल्या पोराचं रोजचं जगणं, घर, शाळा, आईबाप, फोटोंसकट. त्यात लढाई नाही, राजा नाही. मला एका मित्रानं ह्या पुस्तकाबद्दल सांगितलं तेव्हा खरं सांगतो, मी नाक मुरडलं. ज्या देशात काळ्या माणसाला जमाव झाडाला टांगून मारत होता, जिथं बसायचे बाक आणि पाण्याचे नळ वेगळे होते, तिथं 'आनंदाचे दिवस'? आणि न्यूसमबाईंनी फुलांवर, किड्यामुंग्यांवर कविता करायच्या? हे मध्यमवर्गीय चाळे झाले, असं मी म्हटलं.

माझं तोंड बंद केलं माझ्या बहिणीनं. मी घरात कविता वाचतो. माझ्या कविता तुम्ही ह्याच पानांवर वाचल्यात. त्यात रक्त आहे, राख आहे, विहिरीत सापडलेली बाई आहे. एक दिवस बहीण कामावरून आली आणि म्हणाली, "पोरीसमोर हे वाचू नगंस. ती रात्री झोपत न्हाई." मी तिला समजावायला लागलो की हे सत्य आहे. ती म्हणाली, "सत्य हाय ते मला ठावं हाय. पण आपण काल सगळी हसत जेवलो, ते बी सत्यच हाय की."

तेव्हा मला 'माय हॅपी डेज' कळलं. गोऱ्यांच्या पुस्तकांत काळं पोर असायचं ते एकतर नोकर किंवा विदूषक. शाळेच्या पुस्तकात गुलाम मालकाच्या घरी सुखात होता असं लिहिलेलं असायचं. अशा वेळी काळ्या पोराला त्याच्याच घराचा फोटो दाखवणं, त्याच्या बापाला बाप म्हणून आणि आईला आई म्हणून दाखवणं, ही साधी गोष्ट नव्हती. ह्या संस्थेच्या पुस्तकांनी गुलामी लपवली नाही; पोरांच्या इतिहासातही ती आहे. पण पोराची ओळख तिथं सुरू होत नाही आणि तिथं संपत नाही. आधी आफ्रिकेतल्या गोष्टी आहेत, म्हणी आहेत, गाणी आहेत. मग जहाजं, साखळ्या, लढे. आणि मग आजचं घर. वुडसनांनी १९३३ला 'द मिसएज्युकेशन ऑफ द निग्रो' लिहिलं. त्यातला मुद्दा असा की माणसाच्या डोक्यात एकदा हलकेपणा भरला की मग त्याला हाकलायला कुणी लागत नाही, तो स्वतःच मागच्या दाराकडं चालू लागतो. तो हलकेपणा भरला जातो बालपणी, वर्गात. मग उतारा पण तिथंच पाहिजे.

ही पुस्तकं वर्गात पोचली कशी? सरळ नाही पोचली. १९२५ साली ओक्लाहोमातल्या मस्कोगी इथं काळ्यांच्या शाळेतून 'द निग्रो इन अवर हिस्टरी' काढून घेतलं गेलं. लुइझियानातली एक गोष्ट १९३०च्या दशकातली. टेसी मॅक्गी नावाची एक तरुण काळी शिक्षिका होती. टेबलावर तिनं सरकारमान्य अभ्यासक्रमाचा कागद ठेवलेला असायचा आणि मांडीवर वुडसनांचं पुस्तक. ती मांडीवरचं वाचून शिकवायची. मुख्याध्यापक दारात आले की डोळे वर, टेबलावरच्या कागदावर. ते गेले की डोळे पुन्हा मांडीवर. पोरं सगळं बघत होती. त्या पोरांना त्या दिवशी दोन गोष्टी शिकायला मिळाल्या: एक पुस्तकातली, आणि दुसरी बाईंच्या डोळ्यांतली.

फेब्रुवारी १९२६पासून वुडसनांनी निग्रो इतिहास सप्ताह सुरू केला. लिंकन आणि फ्रेडरिक डग्लस या दोघांचे जन्मदिवस लोक त्याच आठवड्यात आधीपासून पाळत होते, म्हणून तो आठवडा धरला. नुसतं सप्ताह करा म्हणून सांगितलं नाही. चित्रं, नाटुकली, वाचायचे उतारे ह्यांचे संच शाळाशाळांना पाठवले. १९७६पासून त्याचाच अख्खा इतिहास-महिना झाला. १९३७ला मेरी मॅक्लाउड बेथ्यून यांच्या सुचवण्यावरून शाळांसाठी 'निग्रो हिस्टरी बुलेटिन' हे मासिक सुरू झालं. ह्या बेथ्यूनबाई गुलामांच्या पोटच्या, आणि १९३६पासून संघटनेच्या अध्यक्ष होत्या.

पैशाचं काय, हे विचारल्याशिवाय आपल्याला इतिहास पटत नाही. १९२०च्या दशकात कार्नेगी आणि रॉकफेलर ह्या धनिकांच्या संस्थांचा पैसा आला. मग अट पुढं आली, की एखाद्या विद्यापीठाच्या छत्राखाली जा. वुडसनांनी नकार दिला. १९३०च्या दशकात तो पैसा आटला. तेव्हा संस्था जगली ती काळ्या शिक्षकांच्या, चर्चच्या, बायकांच्या मंडळांच्या वर्गणीवर आणि पुस्तकांच्या विक्रीवर. थोडक्यात, ज्यांच्या पोरांसाठी पुस्तकं होती त्यांच्याच खिशावर.

ह्या माणसाची चूक पण सांगतो, नाहीतर मी आरती ओवाळतोय असं व्हायचं. ते हेकट होते. सहकाऱ्यांशी पटायचं नाही, वरिष्ठांशी भांडून नोकऱ्या सुटल्या. सगळं स्वतःच्या हाताखाली. ३ एप्रिल १९५०ला ते त्याच घरात वारले. संघटना आजही आहे, घर आज राष्ट्रीय स्मारक आहे. पण त्याआधी ते घर कित्येक वर्षं ओस पडून होतं, आणि स्मारकातून पुस्तकांचे गठ्ठे टपालात जात नाहीत. एकाच्या खांद्यावर उभं केलेलं घर त्या खांद्याबरोबर खचतं.

आपल्याकडं वेगळं काय झालं? १९२७ला 'बहिष्कृत भारत' निघालं तेव्हा त्याचे चोवीस चोवीस रकाने बाबासाहेबांना एकट्याला लिहून काढावे लागत. १९३६ला लाहोरचं भाषण त्यांना करू दिलं नाही, तेव्हा त्यांनी ते स्वतः छापलं. 'जातिसंहारा'च्या त्या इंग्रजी पुस्तकाच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. १९४६ला त्यांनी डुबॉइसना पत्र लिहिलं, काळे लोक संयुक्त राष्ट्रांकडं अर्ज करतायत त्याच्या प्रती मागितल्या. म्हणजे बाबासाहेब तिकडचा कागद मागवून वाचत होते. छापखाना म्हणजे काय हे त्यांना कळलं होतं. दादरच्या आंबेडकर भवनातला बुद्धभूषण छापखाना २०१६च्या जूनमधे रातोरात पाडला गेला तेव्हा आपण रस्त्यावर आलो, ते बरोबरच होतं. पण मी त्या दिवसापासून स्वतःला विचारतोय, की भिंती पडल्या म्हणून आपण ओरडलो. छापायचं काम आपण किती चालू ठेवलं होतं?

६ डिसेंबरला शिवाजी पार्कात मी दरवर्षी पोरांसाठी पुस्तकं शोधतो. बाबासाहेबांची, सावित्रीबाईंची छोटी चरित्रं मिळतात, मी घेतो. घ्यायलाच हवीत. पण जन्म, अपमान, परदेश, महाड, घटना, धम्म, ह्या सहा पायऱ्या उतरल्या की पोराला पुढं वाचायला काही नसतं. आपल्या आज्यांची कोडी कुठं आहेत? गावकुसाबाहेर रात्री सांगितलेल्या गोष्टी कुठं आहेत? वर्गात करायला दहा मिनिटांचं नाटुकलं? वस्तीतल्या एका पोराचा एक सुखाचा दिवस? काही मित्र म्हणतील, अत्याचार चालू आहेत आणि ह्याला कोडी सुचतायत. मित्रांनो, अत्याचारावर लिहिणारे आपण पुष्कळ आहोत, आणि मी ते सोडणार नाही. पण जिला उद्या लढायचंय तिला आज झोप लागली पाहिजे.

तेव्हा आम्ही तिघाचौघांनी ठरवलंय. सोळा पानांचं पुस्तक, ह्याच स्टेन्सिलवर, ह्याच शाईनं. पहिलं पुस्तक माझ्या आईच्या आईचं. ती नव्वदीला टेकलीय, तिच्या गोष्टी आणि कोडी मी वहीत उतरवून घेतली. चार पानं कोरली आणि भाचीला वाचायला दिली. तिनं शेवटपर्यंत वाचली, हे पहिलं. मग म्हणाली, "मामा, ह्यात पणजी हसतच न्हाई. ती तर गोष्ट सांगताना मधेच हसत सुटते, मग पुढचं विसरते." मी चारी पानं पुन्हा कोरतोय. शाळेतल्या त्या दिवशी ती गप्प राहिली होती. ह्यावेळी तिला न्यायला काहीतरी हवं.

दुसरं पुस्तक तुमच्याकडून यायचंय. आजीची गोष्ट, आईच्या कामातले शब्द, खेळ, वस्तीचा इतिहास, काहीही. पण आधी एखाद्या दहा वर्षांच्या पोराला वाचून दाखवा. त्यानं "माझ्याएवढं न्हाई" म्हटलं तर पुन्हा लिहा, आणि मग पाठवा. पत्ता अंकावर आहे.

जयभीम.